दाजी, गाडी का तापायची ते कळलं

मंगळवारी दुपारी तुमच्या ऑफिसातून ताईला फोन आला. ताईने मला केला. मी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "गाडी काढ." गाडी येरवड्याच्या सिग्नलला तापली आणि बंद पडली. आम्ही ती कडेला ढकलली आणि रिक्षा केली. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ताई दाराशी उभी होती. तिने मान हलवली. अण्णांनी मला विचारलं, "किती वेळ गेला आपला गाडीत?"

त्यानंतर कितीतरी दिवस ते एवढंच विचारत राहिले. मी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं पुन्हापुन्हा सांगितलं. दाजी ऑफिसातल्या खुर्चीतच गेले होते, अँब्युलन्स येण्याच्याही आधी. आपण विमानाने गेलो असतो तरी उपयोग नव्हता. अण्णा सगळं ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "गाडी तापली नसती तर भेट झाली असती."

दाजी, तुमच्याविषयी लिहायला बसलो आहे तर एक गोष्ट आधीच लिहून टाकतो. मला तुमचा हेवा वाटतो. 'वाटायचा' असं लिहिलं होतं, ते खोडलं. माणूस गेला की त्याच्याबद्दलचा हेवाही त्याच्याबरोबर जात असेल, असं मला वाटत होतं. तुमच्या घरी लोक भेटायला येऊ लागले त्या दिवशीच तो समज संपला. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या, ताईचा हात धरून बसल्या, मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "अण्णा, तुमचा तर मुलगाच गेला म्हणायचा." अण्णांनी मान डोलावली. मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या शेजारीच उभा होतो. बाईंनी कप उचलता उचलता ताईला विचारलं, "हे कोण?"

"माझा भाऊ. मिलिंद."

"हो का? म्हणजे अण्णांना मुलगा पण आहे?"

तुम्ही असता तर यावर ओठ दाबून हसला असता आणि नंतर जिन्यात मला गाठून म्हणाला असता, "सर, तुमची ॲडमिशन आत्ताच झाली वाटते." मला हसू आलं नाही. अण्णांनी डोलावलेली ती मान मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

आपल्या अण्णांचं आयुष्य खडकीच्या फॅक्टरीत मशीनवर गेलं. त्यांना लोखंड कळतं, तेल कळतं, कुठल्या आवाजाचा काय अर्थ ते कळतं. त्यांच्या पोटी मी आलो. मला पुस्तकं कळतात, तीही फार आरडाओरडा न करता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो तेव्हा अण्णा म्हणाले होते, "बरं झालं, तिथं बोलायला मनाईच असते." आई ताईच्या लग्नाच्या आधीच्या वर्षी गेली. ताई तुमच्याकडे खराडीला गेली. स्टेशनजवळच्या त्या फ्लॅटमध्ये उरलो अण्णा आणि मी. आमच्यात भांडण नव्हतं. भांडायला काहीतरी दोघांचं असावं लागतं.

आणि खाली पार्किंगमध्ये गाडी होती. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अण्णांनी घेतलेली. सकाळी अंघोळ, मग देवपूजा, मग तांब्या घेऊन खाली, असा त्यांचा क्रम. पार्किंगच्या नळाचं पाणी तांब्यात घ्यायचं, बॉनेट उघडायचं, रेडिएटरचं झाकण फिरवायचं आणि पाणी घालायचं. थोडं आत जायचं, थोडं बाहेर सांडायचं. फॅक्टरीतल्या जीपचा ड्रायव्हर रोज सकाळी असंच करायचा आणि त्या जीपने कधी दगा दिला नाही, असं ते सांगत. "माणसाला काय आणि गाडीला काय, सकाळी उपाशीपोटी पाणी पाजलं की दिवस नीट जातो." शेजारचे लोक विचारायचे, "काय अण्णा, झाली का आरती?" अण्णा त्यांच्याकडे न बघता म्हणायचे, "प्रसाद संपला."

लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा जेवायला आलात तो रविवार मला आठवतो. जावई येणार म्हणून अण्णांनी श्रीखंड आणलं होतं, पाटाभोवती मी काढलेली वाकडी रांगोळी होती. तुम्ही आलात, नमस्कार केलात आणि विचारलंत, "अण्णा, खाली ती पांढरी गाडी तुमची न? तापून राहिली असंल." अण्णा म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?" तुम्ही म्हणालात, "वास येऊन राहिला न. आत्ताच फिरवून आणली का?" मग तुम्ही दोघं खाली गेलात आणि श्रीखंड गरम झालं.

दाजी, तुम्ही अमरावतीचे. तुमच्या बोलण्यात 'करून राहिलो', 'काहून', 'न' हे सगळं मोकळेपणाने यायचं, आणि इतकी वर्षं खराडीत काढूनही गेलं नाही. माझे अण्णा म्हणजे वाक्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर जेवण थांबवणारे. लहानपणी मी 'भेटलं' म्हणालो की ते म्हणत, "पुस्तक मिळतं. भेटतो तो माणूस." त्या पहिल्या वर्षीच एका सकाळी मी स्वयंपाकघरात होतो आणि अण्णा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "काही नाही हो, गाडी जरा तापून राहिली. आमचे जावई गजाननराव येऊन राहिले रविवारी." माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. इतक्या वर्षांत माझा एक शब्द त्यांनी उचलला नव्हता.

तुम्ही रविवारी यायचात. ताई वर माझ्याशी गप्पा मारायची, तुम्ही आणि अण्णा खाली. मी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत पुस्तक घेऊन बसायचो, आणि ताई पुढे काय सांगते आहे याच्याकडे माझं लक्ष नसायचं. तुमची पद्धत मला वरूनही ऐकू यायची. तुम्ही हत्यार उचलण्याआधी प्रश्न विचारायचात. सिग्नलला तापते की पळताना? घाट चढताना? एसी लावला की? तापली की काटा हळूहळू चढतो की एकदम? अण्णा उत्तरं द्यायचे, आठवून, नीट. मला वाटतं आई गेल्यानंतर त्यांना इतक्या बारकाईने कुणी काही विचारलं नव्हतं. मी तर नाहीच. तुम्ही एकदा तुमच्या ऑफिसातल्या कामाविषयी मला म्हणाला होता, "आमच्या सपोर्टमध्ये बी हेच आहे सर. लोक फोन करून सांगतात, बंद पडलं. कधी बंद पडलं, त्याच्या आधी काय केलं, ते कोणी सांगत नाही."

मग पाइपांची पाळी. इंजिन थोडं चालवून तुम्ही अण्णांना सांगायचात, वरच्या पाइपला हात लावा, आता खालच्या. "वरचा भाजतो," अण्णा म्हणायचे, "खालचा गार आहे." "म्हणजे पाणी फिरून नाही राहिलं. मधातच अडलं." एकाच पाइपवर तुमचा हात आणि त्यांचा हात. बाल्कनीतून हात दिसायचे, चेहरे नाही. आणि थोड्या वेळाने अण्णा मान वर करून हाक मारायचे. "मिलिंद." मी कठड्याशी जायचो. "चहा टाक."

मला त्या हाकेचं दुसरं वाक्य हवं होतं. 'खाली ये.' एवढंच. हे लिहिताना हसू येतं, कारण मी पन्नाशीचा माणूस आहे आणि खाली जायला मला कोणी अडवलं नव्हतं. पण न बोलावता जाणं आणि बोलावल्यावर जाणं यात काय फरक असतो ते तुम्हाला कळणार नाही, दाजी. तुम्हाला सगळे बोलवायचे.

शेवटी मी मला येतं ते केलं. मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचं पुस्तक मिळवलं आणि इंजिन थंड ठेवण्याचं प्रकरण वाचलं. पुस्तक म्हणत होतं, इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. पाणी पुरेसं तापलं की ती उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देते. ती अडकली तर वरचा पाइप गरम आणि खालचा गार. मला वाटलं, माझ्या बाल्कनीत बसून मी हे शोधून काढलं. पुढच्या रविवारी न बोलावता खाली गेलो आणि सांगितलं.

अण्णा म्हणाले, "हे पुस्तकात आहे का?"

"हो."

"मग पुस्तकालाच पाठव खाली."

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "सरांचं बरोबर असू शकते अण्णा." अण्णांच्या टोमण्याचं मला काही वाटलं नाही, त्यावर तर मी वाढलो आहे. तुमच्या त्या चांगुलपणाचा राग आला. मग तुम्ही अण्णांना म्हणालात, "अण्णा, वर चहाचं सांगता का? अन् बिस्किटं असतील तर बरं होईल." अण्णा गेले. मला तेही खटकलं. चहा मी सांगू शकलो असतो, मी तिथेच उभा होतो.

"तुम्हाला पटलेलं नाही," मी म्हणालो.

"असू शकते म्हटलं न."

"म्हणजे नाही."

"म्हणजे असू शकते."

"दाजी, काय बिघडलंय ते तुम्हाला माहीत आहे."

तुम्ही फडक्याला हात पुसलेत. बराच वेळ पुसलेत. "आहे माहीत."

"मग?"

"मग काय. गाडी चालून राहिली न."

"हे काही उत्तर झालं?"

"सांगतो तुम्हाला एखाद दिवशी. काहून घाई करून राहिले?"

तो आपला शेवटचा वाद. मी चिडून वर आलो. माझ्या मते तुम्हाला काहीच माहीत नव्हतं आणि ते कबूल करायचं नव्हतं. दुसरं असंही वाटलं की माहीत आहे, पण तुम्ही मला सांगण्याच्या लायकीचा समजत नाही. दोन्ही शक्यता मी तुम्ही जाईपर्यंत आळीपाळीने जपल्या. नंतरचे काही रविवार तुम्ही आला नाहीत, ऑफिसात काम वाढलं होतं. मला बरं वाटलं होतं. मग तो मंगळवार आला.

तेराव्यानंतर गाडी खडकीला ओढून आणली. अण्णांनी तिच्यावर कव्हर घातलं. कोणी हात लावायचा नाही म्हणाले. तुमची मुलगी बंगळुरूला परत गेली, खराडीच्या घरात ताई एकटी. ती रोज फोन करायची, "अण्णा, या ना रविवारी." अण्णा म्हणायचे, "गाडी नीट झाली की येतो." रिक्षा नको, टॅक्सी नको. ताई एकदा म्हणाली, "अण्णा, विकून टाका ती." अण्णा म्हणाले, "आधी मला विका. गिऱ्हाईक मिळालं तर गाडी बरोबर फुकट द्या." मला कळत होतं ते कशाची वाट बघत होते. ती गाडी एकदा तरी न तापता त्या सिग्नलवरून गेल्याशिवाय त्यांना तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नव्हता. आणि ती नीट करणारा माणूस उरला नव्हता. ते माझ्याकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे.

एका रविवारी सकाळी खालून हाक आली. "मिलिंद." मी कठड्याशी गेलो. कव्हर काढलेलं होतं. "खाली ये. तुझा तो थर्मोस्टॅट बघू."

दाजी, त्या क्षणी मला आनंद झाला. तुम्हाला जाऊन फार दिवस झाले नव्हते, ताई नीट जेवत नव्हती, आणि मी जिने उतरत होतो ते आनंदात. तुम्ही असता तर ती हाक आली नसती, हे मला प्रत्येक पायरीवर ठाऊक होतं.

अण्णांनी हातबॅटरी धरली, पाने मी फिरवले. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे उजेडही थरथरत होता. "डावीकडे फिरव. ते बाटलीचं झाकण नाही." शेवटी थर्मोस्टॅट निघाला, बिस्किटाएवढा, मधोमध झडप. पुस्तकात लिहिलं होतं तसं आम्ही तो वर नेला, पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवलं आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने त्यात सोडला. दोघं पातेल्यावर वाकून उभे राहिलो. पाण्याला तळाशी बुडबुडे यायला लागले. झडप हळूहळू उघडली.

"उघडली," अण्णा म्हणाले.

"हो."

"म्हणजे चांगला आहे."

"हो."

"म्हणजे पुस्तक नापास."

आणि अण्णा हसले. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा. "आणि हे दुधाचं पातेलं आहे," ते म्हणाले, "तुझी आई असती तर आपल्या दोघांना उकळलं असतं यात." मीही हसलो. मी चुकलो होतो आणि मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तुमच्या दर रविवारी असं असायचं का, दाजी? असलं तर तुम्ही फार भाग्यवान होता.

झडप चांगली, म्हणजे पाणी पुढे अडतं. आम्ही पुन्हा खाली गेलो. मी रेडिएटरचं झाकण काढलं, वरून तांबूस पाणी बाहेर काढलं आणि बॅटरी आत मारली. आत पांढरं होतं. ज्या बारीक नळ्यांतून पाणी उतरतं त्यांच्या तोंडांवर पांढरा थर, काही तोंडं पार बुजलेली. तो थर मला चांगला ओळखीचा आहे. आमच्या बाथरूमच्या नळांवर तो बसतो, गीझरच्या कॉइलवर बसतो, दर महिन्याला मी तो लिंबाने घासतो. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे. पार्किंगच्या नळालाही तेच. रोज सकाळी एक तांब्या, इतकी वर्षं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

अण्णांनी मान पुढे केली. "हे पांढरं काय आहे?"

उत्तर माझ्याजवळ होतं. ज्या जागेचा मी इतकी वर्षं हेवा केला त्या जागेवर मी उभा होतो, अण्णांनी मला प्रश्न विचारला होता, आणि उत्तर बरोबर होतं. तुमच्यापेक्षा बरोबर, असं मला त्या वेळी वाटलं. 'अण्णा, हे तुमचं पाणी.' इतकंच म्हणायचं होतं. पुढचं त्यांना समजावून सांगावं लागलं नसतं. ज्यांचा जन्म मशीनवर गेला त्यांनी तांब्यापासून नळ्यांपर्यंत आणि नळ्यांपासून येरवड्याच्या सिग्नलपर्यंतचा हिशेब तिथे उभ्या उभ्या केला असता. भेट कोणामुळे चुकली, तेही त्यांना कळलं असतं. मग त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नसतं, किती वेळ गेला आपला गाडीत.

"गाडी जुनी झाली, अण्णा," मी म्हणालो. "आतून असं धरतंच."

अण्णांनी बॅटरी विझवली.

"गजाननराव पण हेच म्हणायचे," ते म्हणाले.

मी रेडिएटरचं झाकण हातात घेऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांसाठी काही केलं होतं, स्वतःच्या डोक्याने, तिथल्या तिथे. आणि ते तुम्ही आधीच करून ठेवलं होतं. त्याच शब्दांत.

त्या संध्याकाळी मी एकटाच बसने खराडीला गेलो. तुम्हाला हे माहीत होतं का, असं ताईला विचारलं. ती मला गॅलरीतल्या कपाटापाशी घेऊन गेली. आत नळाच्या पाण्याऐवजी रेडिएटरमध्ये घालायच्या हिरव्या कूलंटचे कॅन होते आणि क्षार काढायच्या औषधाची बाटली. अण्णांना वर चहा सांगायला पाठवून तुम्ही काय करायचात ते तिने सांगितलं. आतलं पाणी सोडायचं, जमेल तेवढं धुवायचं, हिरवं भरायचं, आणि अण्णा आले की म्हणायचं, "औषध टाकलं, आता पाहा." पुढच्या सकाळपासून अण्णांचा तांब्या पुन्हा सुरू.

"कधीपासून माहीत होतं त्यांना?"

"पहिल्याच वर्षी कळलं. मी म्हटलं, सांगा ना अण्णांना. तर म्हणाले, आई गेल्यापासून त्यांचं सकाळचं हे एकच काम राहिलंय. ते चुकीचं आहे असं मी कसं सांगू?"

"आणि मला?"

ताईने माझ्याकडे बघितलं. ती खोटं बोलू शकत नाही, तुम्हाला माहीतच आहे. "तुला सांगितलं असतं तर तू अण्णांना पटवून दिलं असतंस. ते म्हणायचे, सर मुद्दा सोडत नाहीत."

परतीच्या बसमध्ये मी तुमच्याशी भांडत आलो, दाजी. ते भांडण अजून संपलेलं नाही. तुम्हाला हे ठरवायचा अधिकार कोणी दिला? त्यांच्याबरोबर राहतो मी. तुम्ही कधीतरी येणारे. मला सांगितलं असतंत तर मी काहीतरी मार्ग काढला असता, गाडी तापली नसती, आणि त्या दुपारी अण्णा येरवड्याला रस्त्यावर उभे राहिले नसते. हे एक. दुसरं जास्त अवघड आहे. तुम्ही अण्णांसाठी गप्प राहिलात, की रविवारसाठी? गाडी बरी झाली असती तर तुम्हाला खाली काय काम होतं? तुमचे वडील तुम्ही शाळेत असतानाच गेले, हे तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं, पोहे खाताना, जाता जाता. तुम्हाला एक वडील हवे होते आणि ते तुम्ही माझ्याकडून घेतलेत, एका बिघाडाच्या आधाराने. असं असेल तर मला तुमच्यावर रागावता येतं. पण मग वाटतं, माझ्याकडून घ्यायला माझ्याकडे होतं काय? मी बाल्कनीत होतो. तुम्ही आला नसता तर ते रविवार मला मिळाले नसते, कोणालाच मिळाले नसते. अण्णा एकटेच तांब्या घेऊन उतरले असते आणि एकटेच वर आले असते. त्यांना ऐकणारा माणूस तुम्ही दिलात. यासाठी तुमचे आभार मानायला हवेत. मी मानतो. सोपं जात नाही.

रेडिएटर काढून कारागिराकडे नेला, तो धुऊन, साफ होऊन आला. कूलंट तुमच्याच कपाटातलं भरलं. आणि पार्किंगच्या नळाला मी एक चिंधी बांधली, शेजारी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ठेवला. अण्णा म्हणाले, "नळाला काय झालं?" मी म्हणालो, गळतोय, प्लंबर यायचा आहे, तोवर यातलं घ्या. "सोसायटीचा प्लंबर म्हणजे पुढच्या जन्मी," अण्णा म्हणाले आणि कॅनमधून तांब्या भरला. तेव्हापासून तसंच चाललं आहे. हे तुम्हाला सुचलं नव्हतं, दाजी. एवढं एक तरी माझं राहू द्या.

गेल्या रविवारी आम्ही ताईकडे गेलो. मी चालवत होतो, अण्णा शेजारी. होळकर पूल ओलांडला तसे ते सरळ होऊन बसले. येरवड्याला सिग्नल लाल होता. पुढे बस, बाजूला टेम्पो, कुठे हलायला जागा नाही. अण्णा समोर बघत नव्हते, काट्याकडे बघत होते. पंख्याचा आवाज सुरू झाला. काटा मधोमध होता, तो तिथेच राहिला. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा मला कळलं की हिरवा कधीच झाला होता. नगर रोडला लागल्यावर अण्णांनी खिडकी उघडली.

तुमच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. ताई खाली आली, अण्णांच्या गळ्यात पडली, दोघं बराच वेळ तसेच होते. मी बाजूला झालो. मग अण्णांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "बॉनेट उघड. इतक्या लांब आलो, बघून घेऊ." मी उघडलं. ते पुढे येऊन उभे राहिले. मी त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिलो.

"तिकडे नको," अण्णा म्हणाले. "तिथं गजाननराव असतात."

मी गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलो. अण्णांनी वरच्या पाइपवर हात ठेवला, मग मला म्हणाले, "खालचा बघ. सांभाळून." मी हात लावला. तो गरम होता, जसा असायला हवा तसा.

अण्णांच्या उजव्या हाताला जागा रिकामी आहे. डाव्या हाताला मी आहे.